घरभेदी कोणाला म्हणायचे?

रामायणाची चर्चा कुठूनही सुरू झाली तरी ती फिरत फिरत बिभीषणापाशी येते, आणि तिथे आली की ठरल्यासारखे दोन तट पडतात. भाऊ कसाही असला तरी संकटाच्या वेळी त्याला सोडून शत्रूच्या गोटात जाणारा तो घरभेदीच, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असाच, असे एका तटाचे म्हणणे असते. रावणाचा पक्ष अधर्माचा होता आणि धर्म रक्ताच्या नात्याहून मोठा आहे, तेव्हा बिभीषणाने केले ते योग्यच केले, असे दुसऱ्या तटाचे. मग पहिला तट विचारतो, धर्मासाठीच गेला होता तर लंकेचे सिंहासन कशाला स्वीकारले? दुसरा उत्तरतो, ते त्याने मागितले नव्हते, रामाने दिले. इथून पुढे वाद सरकत नाही. असे का होते याचा मी बराच काळ विचार करतो आहे, आणि मला वाटते की दोन्ही तटांनी न बोलता एक गोष्ट मान्य करून टाकलेली असते: आपल्या माणसांविरुद्ध गेलेल्याचा हेतू कळला की त्याचा निवाडाही झाला. हेतू शुद्ध निघाला तर तो धर्मात्मा, अशुद्ध निघाला तर फितूर. मग बिभीषणाच्या मनात नेमके काय होते एवढाच वाद उरतो, आणि दुसऱ्याचे मन उघडून दाखवता येत नसल्यामुळे तो कधीच संपत नाही.

गृहीत धरलेली ही गोष्टच मला चुकीची वाटते. ज्या कथा पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्यांनी कुटुंबद्रोहाचे हेतू अतिशय बारकाईने रंगवले आहेत: मत्सर, अपमान, लोभ, प्रेम, धर्मबुद्धी, भीती. मात्र द्रोह कशाला म्हणायचे हे ठरवताना त्यांची नजर कृतीच्या रीतीवर असते. घर आपल्या माणसापासून काही लपवत नाही, त्याच्याकडे पाठ करून निर्धास्त झोपते. त्या माणसाला घराविरुद्ध जायचेच असेल तर त्याने आधी तो विश्वास उघडपणे परत केला का, की तो तसाच पदरी ठेवून त्याचेच हत्यार केले? माझ्या मते या प्रश्नाच्या उत्तरावर द्रोह ठरतो. घर सोडणे दुःखाचे असते, कधी चुकीचेही असते, पण त्याला द्रोह म्हणता येत नाही. आपण अजून घरचेच आहोत असे भासवत घर पोखरणे हा द्रोह आहे, मग त्यामागचा हेतू कितीही उदात्त असो.

बिभीषणाच्या हेतूचा प्रश्न तर वाल्मीकींनी स्वतःच, तोही सर्वांसमक्ष, सोडवून ठेवला आहे. चार साथीदारांसह तो समुद्र ओलांडून येतो, आकाशातूनच आपण रावणाचा धाकटा भाऊ असल्याचे सांगतो आणि बायकामुले मागे सोडून रामाला शरण आल्याचे जाहीर करतो. सुग्रीवाला तो शत्रूचा हेर वाटतो. अंगद, जांबवान आणि इतरही आपापल्या शंका मांडतात. शेवटी हनुमान बोलतो. वालीचा वध झाला आणि सुग्रीवाला राज्याभिषेक झाला हे ऐकून, राज्याची इच्छा धरून, हा पुरता विचार करून इथे आला आहे, असे हनुमान म्हणतो; आणि नेमके याच कारणासाठी त्याचा स्वीकार करावा असा सल्ला देतो. हा राक्षस राज्याची आकांक्षा धरणारा आहे हे रामही बोलून दाखवतो आणि तरीही त्याला अभय देतो. म्हणजे बिभीषणाला राज्य हवे होते ही गोष्ट त्याच्या टीकाकारांनी शोधून काढलेली नाही, आणि त्याच्या चाहत्यांना ती झाकताही येणार नाही. रामायणातल्या अत्यंत प्रौढ संभाषणांपैकी हे एक आहे असे मला वाटते. याचा हेतू निर्मळ आहे म्हणून हा विश्वासू, असे तिथे हनुमान म्हणत नाही आणि रामही म्हणत नाही. याला काय हवे आहे ते दिसते आहे, आत एक आणि बाहेर एक असे काही नाही, म्हणून याच्यावर विश्वास ठेवता येतो, असा तो विचार आहे.

हेतूचा तराजू नाकारण्याचे आणखी एक कारण इतिहासात सापडते. उदात्त हेतूचा दावा करायला काहीच मोजावे लागत नाही. औरंगजेबाने १६५८ मध्ये बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केले आणि पुढच्या वर्षी थोरल्या भावाला, दाराला, ठार करवले, तेव्हा दारा धर्मापासून ढळला हेच कारण पुढे केले गेले. शाहजहान १६६६ मध्ये त्या कैदेतच वारला. पण याच शाहजहानने तरुणपणी, १६२२ मध्ये, स्वतःच्या बापाविरुद्ध बंड केले होते. आता या दोघांच्या अंतःकरणात धर्म किती होता, सत्तेची हाव किती होती आणि आपण आधी वार केला नाही तर भाऊ करतील ही भीती किती होती, याचे वजन कोण करणार? धर्म हा कुटुंबाहून मोठा आहे एवढ्या एका वाक्यावर बिभीषणाला निर्दोष ठरवणाऱ्यांनी हे वाक्य आणखी कोणाकोणाच्या कामी आले आहे ते एकदा पाहावे.

कुटुंबनिष्ठेचा कैवार घेणाऱ्यांची बाजूही दिसते तितकी भक्कम नाही. निष्ठा कुटुंबाशी म्हणजे कुटुंबातल्या कोणाशी? परशुराम बापाची आज्ञा पाळतो आणि त्यासाठी आईवर शस्त्र चालवतो. ग्रीक शोकांतिकेतला ओरेस्टीस बापाच्या खुनाचा सूड घेतो, पण तो सूड आईच्या हत्येवाचून पुरा होत नाही. इसवी सनपूर्व ४५८ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या नाट्यत्रयीत त्याच्या खटल्यात पंचांची मते समसमान पडतात आणि अथेना देवीचे मत त्याच्या बाजूने असल्यामुळे तो सुटतो. म्हणजे माणसांना त्या प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. भरत आईने मिळवून दिलेले राज्य झिडकारतो, तिची कठोर शब्दांत निर्भर्त्सना करतो, आणि त्याला मातृद्रोही म्हणण्याची कल्पनाही आपल्याला शिवत नाही. कुटुंब ही एकसंध वस्तू नसते. एकाशी इमान राखताना दुसऱ्याचा हात सुटतो हा नियमच आहे. तेव्हा हात सुटला का, यापेक्षा तो कसा सोडला हे विचारण्यातच अर्थ आहे.

आणि तो कसा सोडला हे सांगायला या कथा कंटाळत नाहीत. बिभीषण रावणाच्या सभेत उभा राहून सीतेला परत करा असे सांगतो, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. रावण त्याला उत्तर म्हणून हत्तींची एक जुनी गोष्ट ऐकवतो. पाश हाती घेतलेली माणसे पाहून पद्मवनातले हत्ती म्हणाले होते, आम्हाला अग्नीचे भय नाही, शस्त्रांचे नाही, पाशांचेही नाही. स्वार्थाने प्रेरित झालेल्या आमच्या भाऊबंदांचे मात्र भय आहे, कारण आम्हाला धरण्याचा उपाय तेच दाखवतात. कुटुंबद्रोहाचे याहून नेमके वर्णन मला कुठे आढळले नाही, आणि ते रावणाच्या तोंडी आहे ही वाल्मीकींची थोरवी आहे. या अपमानानंतर बिभीषण भर सभेतून उठतो. ‘सुलभाः पुरुषा राजन् सततं प्रियवादिनः’, गोड बोलणारे पुष्कळ मिळतात, कटू पण हितकर सांगणारा आणि ऐकणारा दुर्मिळ, हे थोरल्या भावाला सुनावून तो जातो. रात्री भुयारातून निसटत नाही, आजाराचे निमित्त करत नाही. त्या क्षणापासून रावणाला पक्के ठाऊक असते की हा आता आपला राहिला नाही. शेक्सपिअरच्या नाटकातल्या राजा लिअरच्या दरबारात त्याची धाकटी लेक कॉर्डेलियाही हेच करते. बहिणी बापाच्या प्रेमाचे डोंगर उभे करत असताना ती, लेकीने बापावर जितके करावे तितके मी करते, जास्त नाही आणि कमी नाही, एवढेच म्हणते आणि वारसा गमावून बसते. पुढे ती फ्रान्सचे सैन्य घेऊन बापाच्या देशात उतरते. निव्वळ घटना पाहिल्या तर परक्या फौजेसह मायदेशावर चालून आलेली हीच एक मुलगी आहे. तरीही तिला द्रोही म्हणणारा वाचक मला भेटलेला नाही, आणि गोड बोलून घरातच राहिलेल्या दोघींना तसे न म्हणणाराही भेटलेला नाही.

याची खरी कसोटी महाभारतात लागते, कारण तिथे पांडवांच्या बाजूने झुकलेले दोन पुरुष जवळजवळ शेजारीशेजारी उभे केलेले आहेत. युयुत्सू हा धृतराष्ट्राचा वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा, दुर्योधनाचा सावत्र भाऊ. युद्धाच्या पहिल्या दिवशी, दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना, युधिष्ठिर मोठ्याने पुकारतो की ज्याला आमच्याकडे यायचे असेल त्याने यावे. युयुत्सू दुंदुभी वाजवत, सगळ्यांच्या देखत, पलीकडे जातो. दुसरा शल्य, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. तो निघाला होता पांडवांकडे. वाटेत दुर्योधनाने गुपचूप केलेल्या पाहुणचाराला भुलून वर देऊन बसला आणि कौरवांच्या बाजूला अडकला. त्याला युधिष्ठिर विनवतो की कर्णाचे सारथ्य करण्याची वेळ आली तर तू त्याचा तेजोवध कर. पुढचे वाक्य मोलाचे आहे. हे करण्यासारखे नाही, तरीही मामा, तू ते कर, असे युधिष्ठिर स्वतः म्हणतो. दोघांनीही पांडवांचे, म्हणजे कथेच्या दृष्टीने धर्माचे, काम केले. हेतूच्या तराजूत दोघांचे वजन सारखे भरायला हवे, किंबहुना भाच्यांच्या प्रेमापोटी वागणाऱ्या शल्याचे थोडे जास्तच. मग युयुत्सूच्या जाण्याने आपण अस्वस्थ होत नाही आणि शल्याच्या प्रत्येक टोमण्याने होतो, ते का? युधिष्ठिराला ज्या कृत्याची मनातून लाज वाटली, त्याची लाज आपल्यालाही वाटते म्हणूनच ना?

राहणाऱ्यांनाही हाच न्याय लागू पडतो. कौरवसभेत द्रौपदी पणात जिंकली गेलेलीच नाही असे ठणकावणारा विकर्ण पुढे दुर्योधनाच्याच बाजूने लढतो, आणि त्याला मारल्यावर भीमाला हळहळ वाटते. कुंभकर्ण रावणाला त्याची चूक तोंडावर सांगतो आणि मग त्याच्यासाठी मरायला निघतो. सांगून गेलेला युयुत्सू आणि सांगून राहिलेला विकर्ण यांच्या वाटा उलट्या आहेत, तरी कथा दोघांकडेही आदराने पाहते. निष्ठा श्रेष्ठ की धर्म श्रेष्ठ या एकाच फूटपट्टीने हे दोघे एकाच वेळी मोजून दाखवावेत.

उलट बाजूने पाहायचे तर त्याच लिअरच्या नाटकातला एडमंड आहे. तो ग्लॉस्टर या सरदाराचा अनौरस मुलगा. जन्मावरून हिणवला गेलेला, वारशातून वगळलेला. त्याची तक्रार खोटी नाही, आणि ती तो मांडतो तेव्हा ऐकणाऱ्याला मनोमन पटतेही. युयुत्सूचे जन्माने ठरलेले दुय्यम स्थान आणि एडमंडचे स्थान यांत फार अंतर नाही. परंतु एडमंड सावत्र भावाच्या नावाने खोटे पत्र लिहितो, बापाच्या मायेच्या सावलीत उभा राहून बापाला फसवतो, आणि अखेर त्याच बापाचे गुपित शत्रूच्या हाती देतो. त्यापायी ग्लॉस्टरचे डोळे जातात. बायबलमध्ये योसेफाचे भाऊ त्याला २० चांदीच्या नाण्यांना विकतात. बापाने एकाच मुलाला डोक्यावर घेतले, त्याला सुंदर झगा दिला, ही त्यांची तक्रारही खरीच आहे. ते तो झगा बोकडाच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवतात. बाप शोक करू लागतो आणि त्याचे सगळे मुलगे त्याचे सांत्वन करायला जवळ बसतात. विकण्याच्या कृत्याहूनही मला हे सांत्वन असह्य वाटते.

मराठी लोकस्मृतीनेही नेमकी हीच गोष्ट पकडून ठेवली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. चुलते रघुनाथराव यांची पेशवेपदाची आकांक्षा कोणापासूनही लपलेली नव्हती, आणि पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. परंतु लोकांच्या तोंडी त्या आकांक्षेहून जास्त राहिला तो ‘ध’ चा ‘मा’. ‘धरावे’ या शब्दातले एक अक्षर आनंदीबाईंनी बदलले ही कथा खरी की एका स्त्रीच्या माथी सगळे मारण्यासाठी रचलेली, हा वाद इतिहासकारांचा आहे. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. तरीही ती टिकली कशामुळे, हा प्रश्न उरतोच. भाऊबंदकी तर घरोघरी असते, सत्तेची हाव कोणत्या राजघराण्यात नव्हती? विश्वासाने पाठवलेल्या कागदावर गुपचूप बदललेले अक्षर मात्र कोणी विसरायला तयार नाही.

आता माझ्या म्हणण्याविरुद्ध जे बोलता येईल त्यातले सर्वांत वजनदार आधी घेतो. या कथा जेत्यांनी सांगितल्या आहेत, असे जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बजावले. हिरण्यकशिपू आणि प्रल्हाद यांची कथा त्यांनी उलटी वाचली: बाहेरच्यांनी शिक्षकाकरवी मुलाचे कोवळे मन बापाविरुद्ध फिरवले आणि मग बापाला दगा देऊन मारले. घर फोडणारा आधी फितूर घडवतो आणि नंतर त्याला भक्त म्हणून मिरवतो, हा त्या वाचनातला सूर मी नाकारू शकत नाही. साम्राज्ये उभी राहिली ती असे भाऊ आणि असे पुत्र हेरूनच. पण फुल्यांचा आक्षेप नीट ऐकला तर तो कशावर आहे? चोरून केलेल्या शिकवणुकीवर, वेषांतरावर, लपून केलेल्या वारावर. प्रल्हादाच्या मनात भक्ती किती होती या प्रश्नावर तो उभाच नाही. म्हणजे कथा कोणीही सांगो, दगा ओळखण्याची खूण दोघांचीही एकच आहे; ती कोणाच्या अंगावर दिसते एवढाच फरक. आणि पुराणातला प्रल्हाद घ्या, तो तर बापाचे घरही सोडत नाही. जे मानतो ते बापाच्या तोंडावर सांगतो आणि परिणाम भोगत राहतो. त्याला द्रोही म्हणण्यासाठी त्याने काहीतरी लपवलेले असावे लागते, म्हणून द्रोही म्हणू पाहणारी कथाही लपवाछपवी मध्ये आणते.

दुसरा आक्षेप मला स्वतःला अधिक बोचतो. उघडपणे बोलून, उघडपणे निघून जाण्याची चैन सगळ्यांना परवडते का? बिभीषण राजाचा भाऊ होता, गदा घेऊन आकाशात उडून गेला. ज्याला घरात तोंड उघडण्याची मुभाच नाही, त्या लेकीने, त्या सुनेने, त्या दासीपुत्राने काय करायचे? ग्रीक पुराणकथेतल्या दानाओस राजाने आपल्या ५० मुलींना लग्नाच्या रात्री नवऱ्यांना ठार मारण्याची आज्ञा दिली. एकोणपन्नास जणींनी ती पाळली. हायपरम्नेस्ट्राने आपल्या नवऱ्याला गुपचूप पळवून लावले. तिने आधी बापाकडे निषेध नोंदवायला हवा होता असे कोण म्हणेल? विदुराचेही तसेच. लाक्षागृहाचा कट कळल्यावर तो सगळ्यांसमोर युधिष्ठिराला इतरांना न कळणाऱ्या भाषेत सावध करतो, भुयार खणणारा माणूस पाठवतो, आणि धृतराष्ट्राच्या पदरी तसाच राहतो. रीत हेच माप धरले तर विदुर द्रोही ठरतो, आणि ते मला मान्य नाही.

म्हणून मापात एक भर घालायला हवी, आणि ती मी आढेवेढे न घेता घालतो. लपवणे कशासाठी झाले, जीव वाचवायला की घ्यायला, हे पाहिलेच पाहिजे. कुणी म्हणेल, मग हेतू मागच्या दाराने आत आलाच की! मला तसे वाटत नाही. विदुराच्या मनात पांडवांविषयी माया होती की धृतराष्ट्राविषयी राग, याची चौकशी इथे लागत नाही. भुयार कशाला खणले हे उघड्या डोळ्यांनी दिसते. शिवाय विदुराने आपली मते धृतराष्ट्रापासून कधीच लपवली नाहीत. तो आयुष्यभर इतके कटू बोलत आला की एकदा धृतराष्ट्राने त्याला चालता हो म्हटले आणि नंतर पश्चात्तापाने बोलावून घेतले. हायपरम्नेस्ट्राही सकाळी पळून गेली नाही. बापाच्या रागाला आणि खटल्याला सामोरी गेली आणि निर्दोष सुटली. दुबळ्याचे गुपित आणि सबळाचे गुपित एकाच मापाने मोजू नये, हे मी मानतो. कुटुंबाने ज्याच्यावर कधी विश्वास टाकलाच नाही, त्याच्याकडून परत काय मागणार?

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणणार नाही. बिभीषण उघडपणे गेला हे खरे, पण जाताना लंकेची सगळी माहिती डोक्यात घेऊन गेला. राक्षसांचे बलाबल त्याने रामाला सांगितले. इंद्रजिताचा निकुंभिलेतला यज्ञ पुरा झाला तर तो अजिंक्य होईल, हे सांगून लक्ष्मणाला तिथे घेऊन जाणारा तोच. विश्वास परत करता येतो, पण विश्वासाच्या काळात कळलेले कसे परत करणार? वाल्मीकी हा प्रश्न टाळत नाहीत. ते तो इंद्रजिताच्या तोंडी घालतात, चुलत्याला उद्देशून: ‘निर्गुणः स्वजनः श्रेयान् यः परः पर एव सः’, गुणहीन असला तरी आपला तो बरा, परका तो परकाच. बिभीषणाचे उत्तर असे की दुराचारी स्वजन पेटलेल्या घरासारखा सोडावा. उत्तर चांगले आहे, पण पेटलेल्या घरातून बाहेर पडणे वेगळे आणि आत अडकलेल्या पुतण्यापर्यंत मारेकरी नेणे वेगळे. हे बिभीषणालाही कळते. याला मारायला जावे तर डोळे पाण्याने भरून येतात, म्हणून हे काम लक्ष्मणानेच करावे, असे तो म्हणतो. एवढे नक्की म्हणता येईल की रावणाला या धोक्याची कल्पना होती. आपली मर्मे जाणणारा माणूस पलीकडे आहे हे जाणूनच तो लढत होता. शल्याच्या रथात बसलेल्या कर्णाला ती संधी मिळाली नाही. पण इंद्रजिताचे रक्त त्यामुळे धुऊन निघत नाही, आणि ज्यांना बिभीषण पूर्ण निष्कलंक हवा आहे त्यांनी निकुंभिलेचा प्रसंग पुन्हा वाचावा.

गेलेल्याने मागे राहिलेल्या मृतांचे काय केले, याकडेही या कथा बारीक लक्ष ठेवतात. रावण पडल्यावर बिभीषण आक्रोश करतो आणि तरी त्याच्या अंत्यसंस्काराला कचरतो. ‘मरणान्तानि वैराणि’, वैर मरणापर्यंतच, तो जसा तुझा तसा माझाही, असे सांगून राम त्याला ते करायला लावतो. भागवतातला प्रल्हाद नृसिंहाकडे बापाच्या पापमुक्तीचे मागणे मागतो आणि त्याचे उत्तरकार्य करतो. युयुत्सू येताना युधिष्ठिर त्याला म्हणतो की धृतराष्ट्राचा पिंड आणि वंशाचा तंतू तुझ्यावरच उरलेला दिसतो. युद्ध संपल्यावर कौरवांच्या स्त्रियांना सांभाळून हस्तिनापुरात आणणारा तोच असतो. याच्या समोर ग्रीक कथेतली मेडिया ठेवावी. प्रियकरासाठी तिने बापाचे घर सोडले, आणि एका परंपरेनुसार भावाला मारून त्याचे तुकडे समुद्रात टाकले, अशा हिशेबाने की पाठलाग करणारा बाप अंत्यविधीसाठी ते गोळा करत मागे पडेल. बापाचे मुलावरचे प्रेम तिने आपल्या नौकेच्या वेगासाठी वापरले. तिचा हेतू प्रेम होता, हे इथे कोणाला उपयोगी पडते?

हेतू जाणून घेऊच नये असे मी म्हणत नाही. मेडियाची कणव यावी, एडमंडचा संताप कळावा, यासाठी हेतू लागतोच. त्यावाचून या कथा कोरड्या फिर्यादी होतील. पण कणव आणि निवाडा यांची गल्लत झाली की आपल्याला आवडलेल्या माणसाचा दगा दिसेनासा होतो, आणि मराठी वाचकाच्या बाबतीत तो माणूस बहुधा कर्ण असतो. निष्ठेचा पुतळा म्हणून आपण त्याला बिभीषणासमोर उभा करतो. कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा राधेचे दूध आणि दुर्योधनाचा भरवसा आठवून तो नाकारतो, हे थोरच आहे. पण त्यानंतर तो कुंतीला वचन देतो की अर्जुन सोडून तुझ्या चार मुलांना मी मारणार नाही, आणि ते पाळतो. भीम, सहदेव, नकुल, युधिष्ठिर, चौघेही त्याच्या तावडीत सापडतात आणि जिवंत सुटतात. सेनापतीने शत्रूच्या राजाला हाताशी आलेला असताना जाऊ द्यावे, आणि ज्याच्यासाठी लढतो त्या मित्राला या वचनाचा थांगही लागू नये, याला काय म्हणायचे? हे मला सोपे जात नाही, कारण मलाही कर्ण प्रिय आहे. पण ज्या मापाने बिभीषणाला द्रोहातून सोडवले तेच माप इथे खाली ठेवता येत नाही.

युद्धाच्या सतराव्या दिवशी कर्णाचा रथ रणात उतरला तेव्हा त्यात दोघे होते. सारथ्याने युधिष्ठिराला शब्द दिलेला होता, योद्ध्याने कुंतीला, आणि दुर्योधन या दोघांच्या भरवशावर विजयाची वाट पाहत होता. पलीकडच्या सैन्यात त्याचा सावत्र भाऊ युयुत्सू शस्त्र घेऊन उभा होता. त्याच्याविषयी मात्र दुर्योधनाची कसलीही फसगत झालेली नव्हती.